मलिनाचा चौथा सड

सुवाऊकी, ६ जून २००५

एदिता,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

पत्र पाहून दचकू नकोस, मी जिवंत आहे. खुब्याचं हाड डॉक्टरांनी खिळे ठोकून बसवलं आणि आता मी फेलिक्साच्या चौथ्या मजल्यावर अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखी पडून आहे. इमारतीला लिफ्ट नाही, म्हणजे पायऱ्या उतरता येईपर्यंत माझी सुटका नाही. चार महिने तरी लागतील म्हणतात. माझ्या बहिणीला तू ओळखतेसच. ती सेवा करते, आणि केलेल्या सेवेची आठवणही करून देते.

फोन करू नकोस. माझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, मग फेलिक्सा माझ्या वतीने ऐकते आणि मला निम्मंच सांगते. तिकडून झेनोन फोन उचलतो. माझ्या पोटचा मुलगा आहे, पण फोनवर त्याला ‘बरं आहे’ सोडून दुसरं काही बोलता येत नाही. तेव्हा तूच लिही.

गोठ्याचं सांगते. तू सून म्हणून आलीस त्या पंधरा वर्षांत मी तुला धारेला बसू दिलं नाही. तू कोंबड्या, भाजी आणि चूल सांभाळलीस. आता अकरा गायी एकदम तुझ्या गळ्यात पडल्या. घाबरू नकोस, मशीन लावायचं झेनोन दाखवेल. मात्र दोन गोष्टी माझ्याकडून ऐक. धार मलिनापासून सुरू करायची. तेरा वर्षांची आहे ती, सगळ्यांत थोरली, आणि मी लग्नात माहेराहून आणलेल्या गायीच्या वंशातली शेवटची. तिला डावलून आधी दुसरीच्या कासेला हात लावलास तर दिवसभर रुसून बसेल. दुसरं म्हणजे दाराजवळच्या खिळ्याला माझ्या आईने विणलेलं लिननचं फडकं आहे. मरियामातेच्या सणाला चर्चमधून आशीर्वाद घेऊन आणलेला पाला माळ्यावर टांगलाय, त्याचा काढा करायचा, त्यात ते फडकं बुडवायचं आणि सगळ्यांच्या कासा पुसायच्या.

मांजरी कशा आहेत? करडीला दूध मिळतं ना?

गेनोवेफा


ओल्शांका, १४ जून २००५

आई,

युगानुयुगे असो.

तुमचं पत्र पोचलं. झेनोन म्हणाला, बरं आहे.

मी पहाटे चारला उठते. पहिल्या आठवड्यात मशीनचे कप लावताना निसटून पडत होते, आता तितके नाही. मलिनापासूनच सुरू करते. ती मान वळवून माझ्याकडे बघते, नवी मोलकरीण आलीय का अशा नजरेने. फडकं, काढा, सगळं तुम्ही सांगितलंत तसंच. संध्याकाळची धार आटोपून घरात येते तोवर झेनोनचं जेवण होऊन गेलेलं असतं. सूप गार, पण ती सवय मला आहेच.

करडी मांजर मात्र विचित्र वागतेय. रोज पहाटे मलिनाच्या मागच्या डाव्या पायापाशी येऊन बसते आणि ओरडत राहते. दुसऱ्या गायीपाशी जात नाही. मी तिला बशीत दूध घातलं तर वास घेऊन परत तिथेच जाऊन बसली. तिला काय हवंय कोण जाणे.

एक काळजीची गोष्ट आहे. विश्न्याचा पुढचा एक सड परवापासून गरम लागतोय, आणि आज पहिल्या धारेत दह्यासारख्या गुठळ्या आल्या. कास सुजते ती दगडी आहे, झेनोन म्हणाला. माझं काही चुकलं का? तुमच्या हाताखाली हे किती वेळा व्हायचं?

तुमची एदिता


सुवाऊकी, २० जून २००५

एदिता,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

दगडी गायींना होतेच, त्यात नवल काही नाही. सगळ्यांच्या गोठ्यात होते. कुणी बोलतं, कुणी बोलत नाही. कोबीचं पान बांध, कापराचं मलम चोळ, दर दोन तासांनी तो सड रिकामा कर.

आणि आधी वर बघ. माळ्याच्या तुळईवर पाकोळ्यांचं घरटं आहे ते झेनोनने पाडलं तर नाही ना? त्याला साफसफाईची हौस भलत्या वेळी येते. घरटं मोडलं की पाकोळी गायीच्या पोटाखालून उडते, आणि मग दूध बिघडतं. माझ्या सासूबाई हेच सांगायच्या. खाली पेंढा कोरडा आहे का? मशीनची रबरं चिरली आहेत का? तुझ्या हाताला अजून वळण नाही, ते गायींना कळतं. घाईत ओढत असशील. रेल्वेवाल्याच्या मुलीला सगळं वेळापत्रकाप्रमाणे हवं असतं.

मांजरीकडे लक्ष देऊ नकोस. तिला हाकलून लाव.

फेलिक्साने काल कार्ताचे केले होते, बटाट्याचे गोळे, आत मांस. इथे सगळे एकदम टेबलाशी बसतात, ती, तिची सून, नातवंडं. मला फार गोंगाट वाटतो.

गेनोवेफा


ओल्शांका, ८ जुलै २००५

आई,

युगानुयुगे असो.

घरटं जागेवर आहे. चार पिल्लं झालीत आणि झेनोन तिथून वाकून जातो. पेंढा मी रोज दोनदा बदलते. मशीनची रबरं खरंच चिरली होती, ती नवी घातली. तरीही विश्न्यानंतर पेरेव्का, आणि पेरेव्कानंतर ती पांढऱ्या कपाळाची कालवड, तिचं तर पहिलंच वेत. तिघींना दगडी.

खरं सांगते, याहून वाईट म्हणजे डेअरीचं पत्र आलंय. दूध दिसायला चांगलं असलं तरी त्यात आजाराच्या पांढऱ्या पेशी किती हे ते दर महिन्याला मोजतात, आणि आता नियम कडक झालाय. एका मिलिलिटरला चार लाखांच्या वर गेलं की चालत नाही. आपला जूनचा आकडा सात लाख आला. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या तीन महिन्यांची सरासरी चार लाखांच्या खाली आली नाही तर नोव्हेंबरपासून टाकीची गाडी आपल्या फाटकाशी थांबणार नाही. मग अकरा गायींचं दूध कुठे नेणार आई? गोठा बंद करावा लागेल.

गुरांच्या डॉक्टर क्रुशेव्स्का आल्या होत्या. उंच बाई, पुरुषी बूट, बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, दगडीशिवायचा गोठा त्यांनी अजून पाहिला नाही. दहा गायींत तीन-चार जणींना वर्षभरात कधी ना कधी होतेच. डोळ्यांना दिसते ती थोडी, आणि एक दिसली की न दिसणाऱ्या पंधरा-वीस कुठेतरी असतात. माझ्या कामाची पद्धत त्यांनी विचारली. मी फडक्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी भुवया वर केल्या, पण त्यांना दुसरीकडून फोन आला आणि त्या घाईत गेल्या. पुढच्या वेळी एकेका गायीचा एकेक सड तपासणार आहेत.

शेजारची ब्रोन्या फाटकाशी उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, गेनोवेफाचे हात गेले आणि गोठ्याचं तेज गेलं. तिचं मी मनावर घेतलं नसतं. पण रविवारी दुपारी जेवताना झेनोन ताटाकडे बघत म्हणाला, “आई असताना असं नव्हतं.” एवढंच. पंधरा वर्षांत तो मला कधी टाकून बोलला नव्हता.

आई, मी तुम्ही सांगितलेलं अक्षरशः पाळते. मलिनापासून सुरू करते. फडकं रोज काढ्यात उकळते, आणि मग एकीपासून अकराव्या गायीपर्यंत नेते. कुठे चुकतं ते मला सांगा. तुम्हाला ठाऊक असेल, दुसऱ्या कुणाला असणार?

एदिता


सुवाऊकी, १५ जुलै २००५

एदिता,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

डेअरीवाल्यांना काही कामधंदा उरलेला नाही. पूर्वी दूध गाळलं, उकळलं आणि प्यालं. पेशी मोजत कुणी बसलं नव्हतं. डॉक्टरीण बाईंच्या फार नादी लागू नकोस. आणि मलिनाला तिने हात लावायचा नाही. ती म्हातारी आहे, परक्या माणसाला बुजते, दूध चढवून धरते. बाकीच्या दहा तपासू दे.

माझा पाय दुखतो म्हणून आज जास्त लिहीत नाही. ब्रोन्याचं मनावर घेऊ नकोस.

गेनोवेफा


ओल्शांका, १९ ऑगस्ट २००५

आई,

तुमच्या जुलैच्या पत्राला आणि त्यानंतरच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, कारण मी विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांत नव्हतं.

डॉक्टरांनी परवा सगळ्या तपासल्या, तुम्ही नको म्हणालात ती मलिनाही. चार वाट्यांची एक प्लास्टिकची ताटली असते, प्रत्येक सडाचं दूध एकेका वाटीत आणि वरून जांभळा द्राव. चांगलं दूध पातळ राहतं. मलिनाचे तीन सड पातळ राहिले. मागच्या डाव्या सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट होऊन वाटीला चिकटलं. डॉक्टर म्हणाल्या, हे आजचं नाही, वर्षांचं आहे.

त्या गेल्यावर मी मलिनाच्या दावणीपाशी बसले. करडी आली आणि तिच्या नेहमीच्या जागी बसली. मग मी दावणीखाली हात घातला. टवका उडालेली निळी वाटी हाताला लागली.

आई, ती वाटी तुम्ही कोणत्या सडाखाली धरत होतात?

झेनोनला मी सांगितलंय की ऑक्टोबरपर्यंत धार काढेन, नंतर माझ्या भावाकडे जाईन. ज्या घरात माझे हात वाईट ठरले त्या घरात मला सूप ढवळायचं नाही.

एदिता


सुवाऊकी, २४ ऑगस्ट २००५

एदिता, बाळ,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. तू या वेळी ‘युगानुयुगे’ लिहिलं नाहीस. लिहू नकोस. माझी तशी लायकी राहिलेली नाही.

पाकिटात एक लाकडी बूच आहे. ते हातात घे आणि मग पुढे वाच.

दोन वर्षांपूर्वी वसंतात मलिना व्याली, आणि आठ दिवसांत तिचा मागचा डावा सड दगड झाला. मी कोबी बांधला, कापूर चोळला, तिच्याजवळ बसून जपमाळ ओढली. सूज उतरली, पण गुठळ्या काही जाईनात. कधी चार दिवस दूध स्वच्छ यायचं, मी देवाचे आभार मानायचे, आणि पाचव्या दिवशी परत तेच. झेनोनला सांगितलं असतं तर त्याने डॉक्टर आणली असती, आणि डॉक्टर काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं. ब्रोन्याची गाय अशीच खाटकाच्या गाडीत चढवली होती. ती फळीवर चढताना मागे वळून बघत होती, ते मी पाहिलंय.

म्हणून मी हे बूच कोरलं. मलिनाला मशीन लावताना चौथा कप सडाला लावायचा नाही, त्यात बूच कोंबायचं म्हणजे मशीन हवा ओढत नाही. ती धार मी शेवटी हाताने काढायचे, निळ्या वाटीत, करडीसाठी. मग हात व्हिनेगरने धुवायचे. दोन वर्षं, दिवसातून दोनदा. धारेला तुला बसू दिलं नाही त्यामागे अभिमान होता, पण पुढे पुढे हेही होतं. कुणी बघू नये म्हणून.

मी गव्हाणीपाशी घसरून पडले तेव्हा बूच माझ्या एप्रनच्या खिशात होतं. माझ्याबरोबर तेही सुवाऊकीला आलं. फेलिक्साने विचारलं हे काय, मी म्हटलं पिंपाचं आहे. रुग्णवाहिकेतल्या मुलाने मला विचारलं होतं, आजी, घरच्यांना काही निरोप? मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, “मलिनापासून सुरू करा.” निरोप दुसराच द्यायचा होता. झेनोन शेजारी उभा होता, मला तो देववला नाही.

तुझ्या पहिल्या पत्रात मांजरीचं वाचलं आणि मला सगळं कळलं. चारही कप तू लावत होतीस. तो सड मशीनमध्ये जात होता आणि मशीन पुढच्या दहा जणींकडे. मला कळलं, आणि मी तुला पाकोळ्यांचं लिहिलं.

आता सगळ्यांत वाईट ते सांगते, नाहीतर हे पत्र अर्धंच राहील. ब्रोन्या तुझ्या हातांबद्दल बोलली ते वाचून मी दुखावले नाही. मला बरं वाटलं. चौथ्या मजल्यावर पडलेल्या म्हातारीला वाटलं, माझ्यावाचून अडतंय अजून. तू पहाटे चारला उठून माझ्या शब्दाप्रमाणे मलिनापासून सुरू करत होतीस, आणि मी इथे बसून ती तुझी चूक ठरू देत होते. मला तुझ्यापुढे लाज वाटायला हवी होती तशी वाटली नाही. आता वाटते, आणि ती पाय दुखतो त्याहून जास्त दुखते.

हे पत्र झेनोनला मोठ्याने वाचून दाखव. ब्रोन्यालाही दाखवलंस तरी चालेल. मलिनाबद्दल डॉक्टर जे सांगेल ते करा. मला विचारू नका. गाडी येईल तेव्हा फक्त तिच्या गळ्यातली घंटा काढून ठेव.

तू मात्र जाऊ नकोस.

गेनोवेफा


ओल्शांका, ११ सप्टेंबर २००५

आई,

युगानुयुगे असो. लिहिलं बघा.

तुमचं पत्र आल्यावर मी दोन दिवस ते खिशात घेऊन गोठ्यात फिरत होते. खूप रागावले होते. राग अजून पुरता गेलेला नाही, आणि गेला असं लिहून तुम्हाला फसवणार नाही. या घरात फसवणूक पुरेशी झाली. तिसऱ्या दिवशी झेनोनला स्वयंपाकघरात बसवलं आणि मोठ्याने वाचलं. तो बूच हातात घेऊन फिरवत राहिला. मग उठला, दाराशी गेला, परत आला आणि म्हणाला, “मी बोललो ते चुकलं, एदिता. मी सड बघायला हवे होते, तुझे हात नव्हे.” त्याच्या तोंडून एका दमात इतके शब्द मी लग्नाच्या शपथेनंतर ऐकले नव्हते.

डॉक्टरांना मी पत्रातलं बूच तेवढं सांगितलं, बाकी आपल्यातलं आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, म्हातारीने डोकं चालवलं, बुचामुळेच दोन वर्षं निभावलं. पण सगळं बुचावर ढकलू नका असंही म्हणाल्या. दगडीचे जंतू सडात राहतात, आणि धारेच्या वेळीच एकीकडून दुसरीकडे जातात: मशीनमधून, हातांवरून, आणि फडक्यावरून. फडकं सकाळी कितीही उकळलं तरी मलिनाची कास पुसून पुढच्या दहा जणींना तेच फिरवलं तर उकळण्याचा उपयोग काय? पहिली तीच, म्हणजे तिचं सगळ्यांना मिळणार. तुमच्या वेळीही आकडा हळूहळू चढतच होता, डेअरीच्या जुन्या चिठ्ठ्यांत दिसतो. माझे चार कप लागले आणि तो पळत सुटला. त्यात चिरलेली रबरं. म्हणजे आई, थोडं तुमचं, थोडं माझं, थोडं रबरांचं. हे ऐकून मला फार हलकं वाटलं. तुम्हालाही वाटावं म्हणून लिहिते.

आता प्रत्येकीला वेगळा कागद. धार झाली की प्रत्येक सड औषधाच्या पेल्यात बुडवायचा, सगळे सड तपकिरी होतात. फडकं धुऊन इस्त्री करून तुमच्या पेटीत ठेवलंय. ते आता कशालाही लावणार नाही. पेरेव्का आणि कालवड सुधारल्या. विश्न्याचा एक सड गेला, ती आता तीन सडांची.

मलिना राहिली. डॉक्टर म्हणाल्या, तो सड आत घट्ट झालाय, या वयात औषध पोचत नाही. रीत म्हणाल तर तिला काढायचं. मी विचारलं, आणि रीत सोडली तर? त्या म्हणाल्या, मग तिची धार सगळ्यांच्या शेवटी, हाताने, वेगळ्या चरवीत, आणि एक थेंबही टाकीत नाही, मांजरीलाही नाही. हिवाळ्याआधी पूर्ण आटवायची आणि वेगळ्या जागी बांधायची. मग ती गाय नव्हे, पाहुणी झाली. पाहुणी पोसायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आम्ही अजून ठरवलेलं नाही. आधी आकडा खाली आला पाहिजे.

तूर्त धार पलीकडच्या टोकाकडून सुरू करते. पहिल्या दिवशी मी मलिनासमोरून मशीन घेऊन पुढे गेले तेव्हा तिने मान वर करून अशी हाक मारली की मलाच अपराध्यासारखं वाटलं. तासभर हंबरत होती. तिला काय सांगणार? मी तिला म्हटलं, तुझ्या मालकिणीला विचार.

एदिता


सुवाऊकी, १७ सप्टेंबर २००५

एदिता,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि फेलिक्साला एकदाही दिलं नाही.

मलिनाला माझ्यासाठी ठेवू नका. आकडा खाली येत नसेल तर आजच पाठवा. एकीसाठी दहा जणी आणि तू पणाला लागलात, हे एकदा झालं तेवढं पुरे. मी रडेन, पण ते माझं मी बघेन.

काल जिन्याच्या सहा पायऱ्या उतरले आणि सहा चढले. फेलिक्सा खाली उभी राहून मोजत होती, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला तिने सांगितलं. तिच्या सुनेने मला पहिलं ताट वाढलं. मी म्हटलं, तू बस आधी. ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण इथे कुणी आधी नसतं आणि कुणी मागे नसतं. मी मात्र तेव्हापासून विचार करतेय.

गेनोवेफा


ओल्शांका, २२ ऑक्टोबर २००५

आई,

युगानुयुगे असो.

आकडा आला. ऑक्टोबरचा दोन लाख चाळीस हजार, आणि तीन महिन्यांची सरासरी तीन लाख साठ हजारांच्या आसपास. गाडीवाल्याने चिठ्ठी खिडकीतून हलवून दाखवली, मी हातातली बादली तिथेच ठेवली आणि फाटकाला धरून रडले. ब्रोन्या धावत आली, तिला वाटलं तुमचंच काही बरंवाईट झालं. मी सांगितल्यावर म्हणाली, मी म्हणतच होते, पोरीचे हात चांगले आहेत. आता हिला काय बोलायचं?

गोठा चालू राहतोय, आई. मीही राहतेय. भावाला तसं कळवलं, तो म्हणाला, मी खोली रंगवली होती.

मलिनाचं झेनोनने ठरवलं. मला न सांगता त्याने जुना डुकरांचा खण साफ केला, खाली फळ्या घातल्या, दाराला नवी बिजागरी लावली. मी विचारलं, हे कुणासाठी? तो म्हणाला, पाहुणीसाठी. धार नाही म्हणजे धोका नाही, असं डॉक्टर म्हणाल्याच आहेत. या हिवाळ्यापुरती वैरण आहे. पुढचं पुढे बघू, ती तेरा वर्षांची आहे, आपण तिला फार लांबची वचनं देत नाही.

ती आता शेवटच्या नंबराला सरावली. हंबरत नाही. बाकी दहा जणींचं होईपर्यंत डोळे मिटून रवंथ करते, आणि मी स्टूल घेऊन आले की आपणहून मागचा पाय सरकवते. तुमच्या वेळी तिला हाताची धार एका सडाचीच होती, आता चारही. मला वाटतं तिला हेच आवडतं. दूध अगदी कमी झालंय. आता तीन दिवसांआड एकच धार काढते, महिनाअखेर आटेल. शेवटची धार मी राखून ठेवली आहे. स्टुलाचे पाय झेनोनने चार बोटं उंच केलेत, म्हणजे खुब्याला वाकावं लागणार नाही.

सोमवारी, ३१ तारखेला, तो तुम्हाला आणायला गाडी घेऊन येतोय. दुसऱ्या दिवशी सगळ्या संतांचा सण, कबरींवर मेणबत्त्या लावायला तुम्ही इथे हव्यात. मी बटाट्याचा कीस आतड्यात भरून किश्का भाजते, लोणीवर परतलेल्या कांद्याबरोबर.

तुमची एदिता


सुवाऊकी, २६ ऑक्टोबर २००५

एदिता,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो.

सगळ्या पायऱ्या उतरले. चार मजले, दोन काठ्या, एक फेलिक्सा.

तुझ्या पहिल्याच पत्रात एक ओळ होती, सूप गार, पण ती सवय मला आहेच. तेव्हा माझी नजर मांजरीवर अडकली होती, त्या ओळीवरून मी सरळ पुढे गेले. आता इथे बसून सगळी पत्रं परत वाचली. मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाई पहिल्या जेवायच्या आणि मी शेवटी, चुलीशी उभी राहून. त्या गेल्या, मी पहिली झाले आणि तू शेवटची. कुणी ठरवलं नव्हतं, मलिनाच्या नंबरासारखं ते चालत आलं. थोरलीला पहिला मान द्यायचा, एवढंच आम्हाला शिकवलेलं. त्या मानातून पुढे काय काय जातं ते कुणी तपासलं नाही.

मी पाच वाजेपर्यंत पोचेन. मला आधी गोठ्यात जायचं आहे. तुझी दहा जणींची धार होईपर्यंत मी उंच स्टुलावर बसून राहीन, मग मलिनाची शेवटची मी काढेन. मला वेळ लागेल, बोटं आखडली आहेत.

तुम्ही माझ्यासाठी थांबायचं नाही. धार झाली की हात धू, घरात जा आणि पहिलं ताट स्वतःला वाढ. मी आणि मलिना शेवटी येतो. किश्का गरम असतानाच खा.

आई